डेमोच्या तासाला आलेली मेंढरं

एका ठिपक्यापायी कुणाची नोकरी गेली म्हटलं तर खरं वाटणार नाही. पण शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या त्या इंग्रजी शाळेत दसऱ्याच्या तोंडावर अगदी तेच घडलं. पाचवीच्या बाईंनी फळ्यावर ‘शाळा आणि तिची बाग’ असं इंग्रजीत लिहिलं आणि ‘तिची’साठी जो इट्स लिहिला, त्यात टी आणि एसच्या मधे, वरच्या अंगाला, एक शेपटीवाला ठिपका ठेवून दिला. अपॉस्ट्रॉफी म्हणतात त्याला. तो ठेवला की ‘तिची’चं ‘ती आहे’ होऊन बसतं. चूक एवढीच. पण कुण्या पालकाच्या हाती त्या फळ्याचा फोटो लागला. त्याने तो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकला, वरून लाल गोल काढला, आणि मग ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं तेसुद्धा ‘आम्ही फी कशाची भरतो’ म्हणून तुटून पडले. बाई बिचाऱ्या रडल्या, राजीनामा दिला आणि माहेरी निघून गेल्या.

मुख्याध्यापिका विशाखा मॅडम तेव्हापासून त्या ठिपक्याचं नाव काढलं तरी कपाळाला आठी घालत. त्यांनी ठरवून टाकलं, की नवीन बाई यायची ती आधी वर्गात डेमो देईल, आणि डेमोचा विषय हाच असेल. माझं, तुझं, तिचं, आमचं इंग्रजीत कसं लिहायचं, ठिपका कुठं द्यायचा आणि कुठं नाही.

त्या जागेसाठी योगिनीने अर्ज केला होता.

योगिनी म्हणजे बिरू आणि बानाबाईची थोरली लेक. घर धनगराचं, वस्ती शेंद्र्याच्या अलीकडच्या माळावर. घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिलीच, आणि पोचली ती एम.ए. करूनच परतली, तेही इंग्रजीत. शहरात, सिडकोच्या एका क्लासमध्ये ती स्पोकन इंग्लिश शिकवायची. तास लागला तर पगार, नाही लागला तर घरी बसा, असला तो कारभार.

तिला ही नोकरी हवी होती ती आईसाठी. दिवाळी झाली की बिरूचा कळप गोदावरीच्या अंगाला निघायचा, तो पावसाळ्याच्या तोंडावरच माघारी यायचा. तोवर आज इथं पाल, उद्या तिथं. आणि बानाबाईचे गुडघे पार गेले होते. उठताना ती काठीला धरून आधी नुसती उभी राहायची, मग पहिलं पाऊल टाकायची. डॉक्टरने सांगितलं, चालणं बंद करा. बानाबाई ‘बरं’ म्हणाली आणि त्याच दुपारी मेंढरांमागं गेली. करणार काय? तिच्या जागी गडी ठेवायचा तर त्याला दर महिन्याला पगार द्यावा लागतो, आणि तो क्लासच्या कमाईतून निघत नव्हता. कायमची नोकरी लागली तर माय घरी राहील, नाही लागली तर यंदाही चालेल. योगिनीच्या डोक्यात दिवसरात्र एवढंच होतं.

म्हणूनच मुलाखतीत तिची जीभ घसरली. विशाखा मॅडमनी सहज विचारलं, घरी काय करतात? योगिनीने पाहिलं, मॅडमच्या शेजारी आप्पासाहेब बसलेले. शाळेचे विश्वस्त, शाळा उभी आहे ती जमीनही त्यांचीच. पांढरेशुभ्र कपडे, बोटात अंगठी. तिच्या तोंडून निघून गेलं, ‘डेअरीचा व्यवसाय आहे.’ मेंढीला दूध असतंच की, अशी तिने नंतर मनाची समजूत घातली. पण समजूत घालावी लागली, म्हणजे काय ते समजाच.

मग तयारी. घरात पाठ म्हणायची सोय नव्हती. धाकटा भाऊ गोकुळ मोबाइलला चिकटलेला, आबांची, म्हणजे बिरूची, शेजाऱ्याशी बडबड. म्हणून संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात कोंडली की ती तिथं जायची. आई नसलेल्या कोकरांना बाटलीने दूध पाजायचं आणि लेकुरवाळ्या मेंढ्यांपुढं भरड्याचं, म्हणजे जाडसर दळलेल्या धान्याचं, घमेलं ठेवायचं, हे काम तिचंच होतं. कामात काम म्हणून ती पाठ तिथंच म्हणू लागली. पोरांच्या लक्षात राहावं म्हणून तिने त्याला चालही लावली, टाळ्या वाजवत म्हणायची, ‘माइन, युअर्स, हिज अँड हर्स, अवर्स, देअर्स, नो अपॉस्ट्रॉफी!’ रोज तिन्हीसांजेला, त्याच ठसक्यात, खणखणीत आवाजात. आणि ‘अपॉस्ट्रॉफी’ म्हणता म्हणता ती घमेलं खाली ठेवायची.

आता मेंढराला इंग्रजी कळत नाही हे मान्य. पण रोज तीच चाल आली आणि चालीमागं भरडा आला, तर मेंढरू त्याचा अर्थ काय लावेल? एम.ए. झालेल्या बाईच्या काही हे ध्यानात आलं नाही. मेंढरांच्या मात्र चांगलं ध्यानात बसलं.

डेमोच्या दिवशी सकाळी योगिनीने इस्त्रीची साडी नेसली आणि निघता निघता आईला म्हणाली, आज मेंढरं पलीकडं नाल्याकडं ने. का, ते तिने सांगितलं नाही. बानाबाईनेही विचारलं नाही. ‘तुझ्या शाळेकडं फिरकत बी नाय मी,’ एवढंच म्हणाली आणि लेकीच्या पदराची पिन नीट करून दिली. ते ऐकून योगिनीला स्वतःचीच लाज वाटली, पण रिक्षा येऊन थांबली होती आणि लाज वाटून घ्यायलाही वेळ नव्हता.

बिरू आणि गोकुळ लासूर स्टेशनच्या बाजाराला गेलेले. बानाबाई एकटीच कळप घेऊन नाल्याकडं गेली. तिथं जाऊन बघते तर रातोरात तारेचं कुंपण आलेलं, आणि आत कुठल्याशा कंपनीचा वॉचमन शिट्टी फुंकतोय. तिथून हाकललं, पुढच्या प्लॉटवरून हाकललं. शेवटी हिरवं गवत उरलं ते एकाच मोकळ्या प्लॉटवर, शाळेच्या मागच्या भिंतीला लागून. बानाबाईने लांब टोकाला मेंढरं लावली आणि शाळेकडं पाठ करून उभी राहिली. मधे भिंत आहे, आपला कुणाला काय त्रास, असा तिचा हिशोब.

इकडं वर्गात योगिनीचा डेमो सुरू झाला होता. ऑक्टोबरचं ऊन, त्यात लाइट गेलेली, म्हणून शिपायाने सगळ्या खिडक्या सताड उघडून ठेवल्या होत्या. मागच्या बाकावर विशाखा मॅडम पेन घेऊन बसलेल्या. त्यांच्या शेजारी आप्पासाहेब, पाचवीच्या पोरांच्या बाकात कसेबसे मावलेले.

तिने फळ्यावर ‘श्रेयाची बॅग’ इंग्रजीत लिहिलं. पहिल्या बाकावर श्रेया नावाची मुलगी होती, तिचीच बॅग उचलून दाखवली. नावाला मालकी चिकटवायची तर ठिपका आणि एस लागतो, जसा मराठीत आपण ‘ची’ लावतो. पण माझं म्हणायचं तर आपण ‘मीचं’ म्हणतो का? पोरं हसली. लहान भावंडं म्हणतात तसं, कुणीतरी म्हणालं. योगिनीला जरा धीर आला. ‘माझं’मध्ये मालकी आधीच आहे, तिला वरून काही चिकटवावं लागत नाही, इंग्रजीतही तसंच, असं ती सांगत होती तेवढ्यात श्रेयाने हात वर केला.

‘मॅडम, मग “तिचं”मध्ये चं कसा आला?’

पोरगी हुशार होती, त्याला काय करणार. विशाखा मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं योगिनीला दिसलं. मग ती सरळ म्हणाली, की बरोबर आहे तुझं, मराठीत ‘तिचं’ला चं लागतो. मराठीचा दाखला माझं-तुझंपुरताच चालतो, त्याच्या पुढं इंग्रजीची रीत वेगळी. तिथं हर्स असो, अवर्स असो की देअर्स, ठिपका कुणालाच नाही. आणि मालकीच्या इट्सला तर नाहीच नाही. मॅडमचं पेन काहीतरी लिहून गेलं. चांगलं की वाईट, देव जाणे.

आता चाल म्हणून घेऊ, असं म्हणत तिने टाळी वाजवली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. पोरांना हे भलतंच आवडलं. दुसऱ्या वेळी अख्खा वर्ग बोलू लागला, तिसऱ्या वेळी बाकं वाजायला लागली. ‘माइन, युअर्स, हिज अँड हर्स!’ खिडक्यांतून तो आवाज पार भिंतीपलीकडं गेला.

भिंतीपलीकडं एका मेंढीने मान वर केली.

एक निघाली की बाकीची थांबत नाहीत, ही मेंढरांची जात. बानाबाई ‘हुर्र, हुर्र’ करत राहिली आणि तिच्या डोळ्यांदेखत अख्खा कळप भिंतीला वळसा घालून पुढच्या अंगाला धावला. पाण्याच्या टँकरसाठी गेट उघडंच होतं. वॉचमन ‘अरे, अरे’ म्हणेस्तोवर मैदान मेंढरांनी भरून गेलं, आणि तीही भलतीकडं न जाता नेमकी पाचवीच्या वर्गाकडं. खिडक्यांत काळी-पांढरी तोंडं आली. दोन कोकरं तर व्हरांड्याची पायरी चढून, दारातून आत येऊन, थेट योगिनीच्या पायाशी उभी राहिली आणि साडीच्या निऱ्या चोखू लागली.

पोरांना आनंदाने वेड लागायची वेळ आली. योगिनी गप्प झाली होती, पण पोरं काही थांबेनात, आणि पोरं जितक्या जोरात अवर्स, देअर्स ओरडत होती तितकी मेंढरं आणखी जवळ सरकत होती. तेव्हा कुठं योगिनीच्या डोक्यात उजेड पडला. घमेलं. रोजचं घमेलं.

‘सायलेन्स!’ विशाखा मॅडम कडाडल्या आणि वर्ग चूप झाला. त्या व्हरांड्यात गेल्या, मैदानाकडं पाहिलं आणि सवयीने इंग्रजीतच विचारलं, ‘हूज शीप आर दीज?’ कुणाची मेंढरं ही?

तेवढ्यात बानाबाई लंगडत आत आली. काठी एकीकडं, पदर एकीकडं, धापेने तिला बोलवत नव्हतं. वॉचमनने तिला अडवलं आणि हिंदी-मराठीत मिळून बरंच काही ऐकवलं. बानाबाईने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग तिने डोळे वर केले आणि मॅडमच्या मागोमाग व्हरांड्यात आलेली लेक तिला दिसली. तिने लगेच नजर काढून घेतली.

‘माझी हायती, बाई,’ ती विशाखा मॅडमना म्हणाली. ‘चुकून घुसली. काढते आताच्या आता.’

मॅडम योगिनीच्या मागं आलेल्या एका कोकराकडं पाहत होत्या. त्याने आता योगिनीचा पदर तोंडात धरला होता आणि सोडायला तयार नव्हतं. त्यांनी विचारलं, हे असं ह्यांच्याच मागं का लागलंय? ओळखता का तुम्ही ह्यांना?

‘नाय, बाई. त्यांची-माझी वळख नाय.’ बानाबाई घाईघाईने म्हणाली. ‘ते कोकरू खुळं हाय. कुणाच्या बी मागं जातं.’

मायने योगिनीसाठी आजवर काय काय केलं होतं, उपाशी राहिली होती, स्वतःच्या बांगड्या मोडल्या होत्या, पण हे सगळ्यात अवघड होतं आणि तिने ते क्षणभरही विचार न करता केलं होतं. आता नुसतं गप्प राहायचं होतं. माय मेंढरं घेऊन निघून जाईल, डेमो पुढं सुरू होईल, कदाचित नोकरीही लागेल. पण हे असं ऐकून वर्गात जायचं आणि पोरांना माझं-तुझं शिकवायचं? तिला ते जमण्यासारखं नव्हतं. नोकरी जाते तर जाऊ दे, असं तिच्या मनाने एकदम ठरवून टाकलं.

‘दे आर अवर्स, मॅडम,’ ती म्हणाली. आमची आहेत. मग तिचा आवाज चिरकला आणि उरलेलं मराठीत आलं. ‘आणि ही माझी माय आहे.’

बानाबाईने कपाळावर हात मारला.

मोठी माणसं गप्प बसली की पोरांना जोर येतो. श्रेया दारात येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, इतकी सगळी सारखीच दिसतात, मग तुमची कोणती ते कसं कळतं? योगिनी आता कशालाच घाबरत नव्हती. घाबरायला काही उरलंच नव्हतं. ती खाली बसली, एका मेंढीचा कान धरून पोरांना दाखवला. कानाच्या टोकाला बारीक कातरा होता. ही आमच्या घरची खूण, ती म्हणाली, बाजारात दहा कळप एकत्र आले तरी ह्या कातऱ्यावरून आमची मेंढी ओळखू येते. नावाला ठिपका लावतो ना, तसंच.

श्रेयाने कोकराचा कान चाचपला. ‘ह्याला तर खूण नाही.’

‘नाही. लहान आहे अजून.’

‘मग हे कुणाचं?’

‘आमचंच की,’ योगिनी म्हणाली. ‘हाक मारली की येतं. त्याला खूण कशाला?’

श्रेयाने जरा विचार केला आणि म्हणाली, म्हणजे हे अवर्स आहे. मागून आप्पासाहेब मोठ्याने हसले. इतका वेळ ते बाकातून सुटायच्या खटपटीत होते.

विशाखा मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं, तास अजून संपला नाही म्हणाल्या, आणि पोरांना वह्या काढायला लावल्या. जे पाहिलं त्यावर दोन-दोन वाक्यं लिहा, कुणाचं काय ते नीट सांगा. बानाबाईने आणि वॉचमनने मिळून मेंढरं बाहेर काढली. मॅडम बाकाबाकामधून फिरल्या. एका पोराने मेंढीच्या जागी जहाजाचं स्पेलिंग लिहिलं होतं, एकाने कोकराला कुत्रा केलं होतं. पण अवर्सला, हर्सला, देअर्सला ठिपका कुणीही दिला नव्हता, आणि ‘मेंढीचा कान’ लिहिताना जिथं द्यायला हवा तिथं बहुतेकांनी दिला होता.

मग ऑफिस. योगिनी खुर्चीत बसली तीच काठावर.

मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, डेअरी म्हणाला होतात ना? योगिनीने खरं ते सांगून टाकलं. लाज वाटली, म्हणून खोटं बोलले. मेंढरांची नाही, तुम्ही काय म्हणाल याची. सांगून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं, की आता घरी जा म्हणाले तरी चालेल असं झालं.

‘खोटं बोललात ते मला अजिबात आवडलेलं नाही,’ विशाखा मॅडम म्हणाल्या. ‘पुन्हा चालणार नाही.’ मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘सोमवारपासून या. कायमच्या जागेवर. आणि ती चाल घेताना खिडक्या लावून घेत जा.’

योगिनीला नीट ऐकू आलं की नाही तेच कळेना. आप्पासाहेब मधेच म्हणाले, कळप निघायच्या आधी एक-दोन रात्री आमच्या वावरात बसवता येईल का ते वडलांना विचारा, लेंडीखताला आम्ही कधीचं माणूस शोधतोय. ती ‘हो’ म्हणाली, ‘थँक यू’ म्हणाली, परत ‘हो’ म्हणाली आणि पर्स खुर्चीवरच विसरून बाहेर आली. शिपाई पर्स घेऊन मागं पळाला.

रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली, बानाबाई काठीवर भार देऊन उभी होती. तोंड इतकंसं झालेलं. मेंढरं आजूबाजूला चरत होती, जसं काही झालंच नाही. लेक येताना दिसली तशी तीच आधी बोलायला लागली. नाल्याला तार लावलीय, कुठंच जागा नव्हती, मी पाठ करून उभी होते गं, कशी पळाली काय ठावं.

नोकरीची बातमी सांगायच्या आधीच योगिनीला रडू फुटलं. ते पाहून बानाबाईचा धीर सुटला.

‘गेली ना? माझ्यापायी गेली ना गं?’

योगिनीने जोरजोरात मान हलवली. ‘लागली, माय. लागली नोकरी.’

बानाबाईचा विश्वास बसेना. तिने परत विचारलं, योगिनीने परत सांगितलं. मेंढरं पाहून बी? व्हय, पाहून बी. मला पाहून बी? तुला पाहून बी, माय. मग योगिनीने डोळे पुसले आणि म्हणाली, की आता दिवाळीनंतर तू निघायचं नाय. आबांसंगं गडी देऊ. तू घरी राहायचं, माझ्यापाशी. झालं तुझं चालणं.

बानाबाईने चरणाऱ्या मेंढरांकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, मग आपल्या पायांकडं पाहिलं. मेंढरं चरत असताना ती कधी खाली टेकलेली योगिनीने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. कळप बसल्यावर बसायचं, कळपाच्या आधी उठायचं, हा तिचा नेम.

‘मंग बसू का मी जरा?’ तिने लेकीला विचारलं.

योगिनीने तिच्या हातातली काठी घेतली. तिला धरून हळूच बाभळीच्या बुंध्याशी बसवलं, पाय सरळ करून दिले, आणि इस्त्रीच्या साडीचा पदर कमरेला खोचून स्वतः मेंढरांपुढं जाऊन उभी राहिली.